अजून आला नाही, साहेब

गॅलरीतला दिवा राहू दे. माझ्या पुतण्याला वाटतं की भुताची गोष्ट अंधारातच ऐकावी, पण त्याचं हृदय तिशीतलं आहे आणि माझं पंचाहत्तरीतलं.

खरं म्हणजे आज ही गोष्ट काढायचा माझा विचार नव्हता. जेवणं झाली आणि भाची फोनवर कसले तरी फोटो सरकवत बसली. ती नुकतीच पालिकेच्या परवानगी विभागात लागली आहे.

"सत्तावीस घरांचा लेआउट आहे, मामा. उद्या पूर्णत्वाचा दाखला द्यायचाय."

"जागेवर जाऊन आलीस?"

"फोटो आलेत ना सगळे! चेंबरचे, रस्त्याचे, टाकीचे. बघा किती स्वच्छ आहेत."

"फोटोत गटारसुद्धा स्वच्छच दिसतं," पुतण्या म्हणाला. "काका, तुम्ही ती मुकादमाची गोष्ट सांगा हिला."

सांगतो. मी आयुष्यभर वाहत्या पाण्याचं गणित शिकवलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता. आता काय आहे ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून घडलं तेवढंच सांगतो. यातलं थोडं मी स्वतः पाहिलं, बाकीचं माझ्या साडूने सांगितलं. माझ्या हातून काही वाढवलं जात असेल तर मला थांबवा.

साडू म्हणजे तुझ्या मामीच्या बहिणीचा नवरा. कुणाच्याही घरी गेला की आधी न्हाणीचा उतार बघणारा, तोच. तो पालिकेत इंजिनिअर होता. नव्या वसाहतींचे रस्ते, पाणी, सांडपाण्याची लाइन, सगळं तपासायचं काम त्याच्याकडे. त्याची सही झाल्याशिवाय घरांचा ताबा देता येत नसे.

सांडपाण्याची लाइन तपासायची एक जुनी रीत आहे. वरच्या चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी ओतायचं आणि पाइपात जेमतेम बसेल असा एक लाकडी बॉल सोडायचा. तो गडगडत खालच्या चेंबरला पोचला तर उतार बरोबर आणि पाइप मोकळा. अडकला तर आत कुठेतरी खोट आहे. वर साडू उभा राही, खाली त्याचा मुकादम. साडू पाइपात तोंड घालून ओरडे, "सोडला!" थोड्या वेळाने खालून पाइपातूनच उत्तर येई, "आला!" अठरा वर्षं दोघांनी हेच केलं. लोक हसत, पण मुकादम म्हणे, "आवाज आरपार आला म्हणजे अर्धी तपासणी झाली, साहेब."

मुकादम बुटका, पोट सुटलेला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. फोन बाळगत नसे. "दोन फोन गटाराने खाल्ले, तिसरा बायकोकडे सुखात आहे." तो बॉल त्याने स्वतः सुताराकडून करवून घेतला होता आणि खिळा तापवून त्यावर दोन डोळे पाडले होते. का, तर "आंधळ्याला गटारात सोडू नये, पाप लागतं." रोज घरी गेल्यावर आधी बॉल धुऊन फळीवर घडी केलेल्या फडक्यावर ठेवायचा, मग बायकोकडे पाणी मागायचं. बायको म्हणे, "मी आजारी पडले तर मला एवढं पुसत नाहीत."

तर फेब्रुवारीची अठ्ठावीस तारीख, गुरुवार. गावाबाहेरचा नवा लेआउट. चाळीस घरं, सगळी रिकामी, रस्त्यावरचे दिवे अजून जोडलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक तारीख, चाळीस कुटुंबं सामान घेऊन येणार होती. एकच लाइन तपासायची राहिली होती. वरचं चेंबर फाटकाजवळ, खालचं शेवटच्या रांगेमागे, कुंपणाच्या भिंतीला लागून. मध्ये एकशेवीस मीटर आणि घरांच्या दोन रांगा. एकमेकांना माणसं दिसत नव्हती.

सहा पंचवीसला साडूने हाक दिली, "सोडला!" बॉल गडगडत गेला. मधलं पहिलं चेंबर ओलांडल्याचा आवाज आला. दुसरं ओलांडल्याचा आला. मग काहीच नाही.

त्याने आणखी एक बादली ओतली. पाणी तुंबून राहिलं. बिल्डरचा माणूस गाडीच्या बॉनेटवर फाइल उघडून उभा. "साहेब, सातला ऑफिस बंद होतं." वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता. आणखी कुणाचा तरी फोन सारखा येत होता.

सहा चाळीसला त्याने चेंबरमध्ये वाकून हाक मारली, "मुकादम, राहू द्या! उद्या बघू. निघा तुम्ही घरी!" उत्तर आलं नाही. ऐकलं असेल, असं त्याने धरलं. बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, चाचणी घेतली, बॉल मिळाला. खाली सही केली आणि गाडीत बसला.

"पण बॉल अडकला होता," भाची म्हणाली. "म्हणजे पाइपच बंद. हाक पोचणार कशी?"

बघ, तुला लगेच कळलं. त्यालाही कळलं, पण दुसऱ्या दिवशी.

"चालत जाऊन सांगायचं ना, मामा!"

एकशेवीस मीटर. मी नंतर घड्याळ लावून चालून पाहिलंय. एक मिनिट पन्नास सेकंद लागतात. माझ्या गुडघ्यांनी.

मुकादमाने 'सोडला' ऐकलं होतं. 'निघा' ऐकलं नव्हतं. आणि 'आला' म्हटल्याशिवाय चेंबर सोडायचं नाही, हा त्याचा नेम. सकाळी रखवालदाराला तो सापडला. चेंबर गुडघाभरच खोल होतं. कडेला गुडघे टेकून तो आत वाकलेला होता, दोन्ही हात पाइपाच्या तोंडाखालच्या पन्हळीत. ओंजळ केलेली. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान.

म्हणजे निदान दीड तास तो तिथे अंधारात वाट बघत होता.

साडूने त्याच दिवशी लाइन फोडायला लावली. आत सिमेंटचा थर जमून घट्ट झालेला सापडला. बॉल सापडला नाही. पुढे, मागे, सगळीकडे सळया घातल्या, प्रत्येक चेंबर उपसलं. नाहीच. लाइन दुरुस्त झाली. 'मी खोटं लिहिलं,' असं साडूने वरिष्ठांना लेखी दिलं. ते म्हणाले, "आता पाणी जातंय ना? घरं भरलीत. उगाच झाकलेलं उघडं करू नका." कागद परत आला.

दीड महिन्याने शेवटच्या रांगेतल्या एका शिक्षिकेची तक्रार आली. रात्री नऊच्या सुमारास न्हाणीच्या जाळीतून माणसाचा आवाज येतो. तक्रार घेणारा कारकून मोठ्याने वाचून हसत होता. "साहेब, ही कशात टाकू? पाण्यात की आवाजात?" शेवटी त्याने 'इतर'मध्ये टाकली. साडूने कागद मागून घेतला. आवाज काय म्हणतो, तेही बाईंनी लिहिलं होतं. अजून आला नाही, साहेब.

…जरा पाणी दे.

एप्रिलची सोळा तारीख, मंगळवार. साडूने सुताराकडून नवा बॉल करवून आणला. डोळे पाडायचा धीर झाला नाही. कुणाला न सांगता तो त्या लेआउटवर गेला. पावणेनऊ वाजले होते. घराघरांत दिवे होते, कुठेतरी भांडी वाजत होती. भीती वाटावी असं काही नव्हतं, असं तोच म्हणाला. त्याने वरच्या चेंबरचं झाकण उचललं. बादलीने पाणी ओतलं. एक. दोन. वाकला आणि हाक दिली.

"सोडला!"

बॉल गडगडत गेला. पहिलं चेंबर ओलांडलं. दुसरं ओलांडलं.

थांबला.

त्याच जागी. आता तिथे नवा पाइप होता. आत काही अडण्यासारखं नव्हतं.

भांड्यांचा आवाज बंद झाला होता. केव्हा झाला, ते त्याला कळलं नाही.

आणि पाइपातून, खूप खालून… दमलेला, पण कुरकुर नसलेला आवाज.

"अजून आला नाही, साहेब…"

साडू पळाला नाही. मला वाटतं, मी पळालो असतो. तो चेंबरमध्ये तोंड घालून म्हणाला, "थांबा, मुकादम. मी येतो."

तो चालत निघाला. दोन रांगांमधून. पावलं मोजत. टॉर्च पेटेना. शंभर पावलं झाली. दीडशे. भिंत आली.

खालच्या चेंबरचं झाकण काढलेलं होतं. मुकादम ठेवत असे तसं, उजव्या हाताला, पालथं.

कुणी नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला. म्हणाला, "चूक माझी झाली. मी यायला हवं होतं. आता निघा घरी…"

काही नाही.

"मुकादम…"

मग पाइपात गडगड सुरू झाली. हळू. अगदी हळू. मध्ये थांबे, पुन्हा निघे, वाट चाचपत यावं तशी. साडूने दोन्ही हात पन्हळीत घातले. ओंजळ केली.

गार पाणी आलं. मग काहीतरी गोल, जड… ओंजळीत येऊन टेकलं.

आणि त्याच्या कानाशी, ओरडून नाही. घरातल्या माणसाला सांगावं तसं.

"आला."

त्याने हात वर काढले. रिकामे होते.

पावणेदहाला तो माझ्या दारात उभा होता. हात तसेच ओंजळ केलेले, बाह्यांतून पाणी ठिबकतंय. बायकोने विचारलं, "भाऊजी, काय झालं?" तो थेट माझ्या खोलीत आला आणि हे सगळं मला सांगितलं. नवा बॉल बाहेर आलाच नव्हता.

"काका, ते अठ्ठावीस तारखेला सारखे फोन कोण करत होतं?" पुतण्याने विचारलं.

मला वाटलं होतं, हे कुणी विचारणार नाही. तू आजवर कधी विचारलं नाहीस.

मी. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी माझ्या पुस्तकाची पहिली प्रत घरी आली होती. वाहत्या पाण्यावरचं पुस्तक. त्यासाठी जेवण ठेवलं होतं आणि मला घाई होती ती साडूला दाखवायची. मी चार फोन केले. चौथा त्याने घेतला. म्हणाला, "एक बॉल अडकलाय, मुकादम खाली उभे आहेत." आणि मी… मी हसून म्हणालो, "अरे, एका चेंडूसाठी काय रात्रभर बसणार आहेस? ये, सगळे थांबलेत."

रात्रभर. हाच शब्द वापरला मी.

त्या रात्री आम्ही जेवत होतो तेव्हा आठ वाजले असतील. नऊही. साडूने दोनदा भात घेतला. पुस्तक सगळ्यांच्या हातांतून फिरलं. मी ते नंतर कधी उघडलं नाही.

त्याने मला याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सतरा तारखेला सकाळी आम्ही दोघं मुकादमाच्या घरी गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो. माफी मागायची होती, कशी मागतात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. दोन खोल्यांचं घर. मुकादमीण बाईंनी दार उघडलं आणि त्या साडूकडे बघतच राहिल्या.

"बरं झालं आलात, साहेब. मी तुम्हालाच फोन करणार होते. तुम्ही काल येऊन गेलात का?"

"नाही, वहिनी."

"मग फळीवर कुणी ठेवला?"

आतल्या खोलीत दाराशेजारी, छातीएवढ्या उंचीवर फळी होती. फळीवर घडी केलेलं फडकं आणि फडक्यावर तो बॉल. जुना, डोळ्यांचा. त्याच्या एका बाजूला सिमेंट चिकटलं होतं. फडकं भिजलं होतं.

"रात्री दहाच्या सुमाराला कडी वाजली," बाई म्हणाल्या. "मला जाग आली, पण मी उठले नाही. अठरा वर्षांची सवय. आपले हे आले, असं वाटलं आणि कूस बदलून झोपले… सकाळी आठवलं."

साडू जमिनीवर बसला आणि रडू लागला. मोठ्याने. मी त्याला तसं रडताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. बाईंनी त्याची समजूत घातली, बघा, त्यांनी त्याची! म्हणाल्या, "नका, साहेब. उशीर झाला, पण आले ना घरी." मग त्यांनी बॉल खाली घेतला, नखाने सिमेंट खरवडलं आणि कोरड्या टॉवेलने पुसला. फार वेळ पुसला. खाचांमध्ये टॉवेलचं टोक घालून दोन्ही डोळे कोरडे केले, नवं फडकं घातलं आणि परत ठेवला.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

लाकूड पाणी धरून ठेवतं. दीड महिना पाण्यात असेल तर पुसल्यावरही पाझरतं. हे मी शिकवलेलं आहे, परीक्षेत विचारलेलंही आहे. पण मग बॉल सगळाच ओला व्हायला हवा.

आम्ही उठलो तेव्हा मी फळीकडे एकदा पाहिलं. बॉल कोरडा होता. खालचं फडकं कोरडं होतं.

दोन्ही डोळे काठोकाठ भरले होते.