महापरसादाचा नारळ

महाशिवरात्रीला झाडीपट्टीतल्या प्रतापगडच्या यात्रेत कुणी हरवलं नाही, तर यात्रा झाल्यासारखीच वाटत नाही. यंदा हरवली ती सोनिकाची आई.

गडाच्या पायथ्याशी हरवलेल्यांसाठी मंडप टाकला होता. सोनिका घाम पुसत आत शिरली. माइकसमोर बसलेल्या तरुणानं वही ओढली.

"नाव?"

"सोनिका पटले. नवेगाव बांध."

"तुमी हरवल्या?"

"मी तं तुमच्यासमोर उभी आहो. माही माय हरवली. सुखवंताबाई. हिरवं लुगडं, हातात त्रिशूल... अन् रागात असन."

"रागात असन तं लवकर सापडते," तो म्हणाला आणि माइककडे वळला. "सुखवंताबाई, नवेगाव बांध... तुमची पोरगी मंडपात रडून राहिली, लवकर या."

"मी कोठी रडून राहिली?"

"तसं नाई म्हटलं तं माय येईन काऊन?"

तो हसला. सोनिकाला राग यायला हवा होता — पण आलं हसूच. ते लपवायला ती उगाच मंडपाच्या दोऱ्यांकडे बघत राहिली.

दहा मिनिटांत सुखवंताबाई आल्या, एका मुलीचा हात धरून. "चक्कर आली होती मले. या पोरीनं सावलीत बसवलं, पाय चेपले. पोटची असती तरी एवढं केलं नसतं." हा टोला सोनिकाला होता. मुलीचं नाव रिंकी. आणि माइकवाला योगराज तिचा सख्खा भाऊ! चोरखमारा गावाकडची ही भावंडं दरवर्षी यात्रेत सेवेला यायची.

योगराजनं माइक दुसऱ्याकडे दिला, सुखवंताबाईंचा त्रिशूल स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि चौघं गड चढू लागली. हर बोला महादेवच्या गजरात, पळसाखालच्या उन्हातून. सुखवंताबाई रिंकीच्या आधारानं पुढे, ही दोघं मागे... आणि जरा जास्तच मागे.

"दर साली येता?" सोनिकानं विचारलं.

"हाव. महादेव काई तरी देईन म्हून."

"मंग देलं का काई?"

"आज सकारपर्यंत तं नाई देलं..." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. सोनिकाचे कान तापले. ऊन होतंच म्हणा.

दर्शन झालं. सुखवंताबाईंनी पदरानं डोळे पुसले. "पंधरा वर्सं हा गड अनवाणी चढली मी. एकलीच पोट्टी माही... माह्यामागं इले कोन? आज देवानं आयकलं. चला, पायथ्याच्या उदाराम महाराजासमोर रिंकीचं अन् तुह्यं महापरसाद जोडून टाकू."

रिंकी आनंदानं उडालीच. सोनिकाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

झाडीपट्टीत महापरसाद जोडणं म्हणजे पोरखेळ नव्हे. देवासमोर नारळ बदलले की दोघी सख्ख्या बहिणींहून सख्ख्या. पुन्हा नावानं हाक नाही, 'महापरसाद' म्हणायचं. जन्मभर सुखदुःखाला एकमेकींचं दार. आणि महापरसादाचा भाऊ, तो आपला भाऊ. हे नातं मोडत नाही. सकाळपासून बडबडणारा योगराज गड उतरताना एकटाच पुढे पायरी-पायरी उतरत होता. सोनिका तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती. बोलावं तर आईची पंधरा वर्षं मोडतात. न बोलावं तर...

उदाराम महाराज झोपडीपुढे धुनीशी बसले होते. दक्षिणा घेत नसत, आलेल्याला आधी पाणी पाजत. रिंकीनं लगेच नारळ पुढे केला. सोनिकाचा नारळ ओंजळीतच राहिला.

"काऊन थांबली बाई?" महाराजांनी विचारलं. "मन नसन तं राहू दे. महादेव कोनावर जबरदस्ती करत नाई."

"मन आहे महाराज... पन दुसरीकडंच आहे."

तिनं योगराजकडे पाहिलं. तो मान खाली घालून त्रिशूलानं माती उकरत होता. त्याच्या मनात काही नसेल तर? आयुष्यभर हसं होईल. पण नारळ एकदा हातातून गेला की सगळंच गेलं.

"मले रिंकी पाहिजे," ती म्हणाली. "जनमभर पाहिजे. पन बहीन म्हून नाई... ननद म्हून."

सुखवंताबाई मटकन खाली बसल्या. रिंकीचा आ वासलेलाच राहिला. महाराज मात्र गदगदून हसले. "अन् तुह्यं काय म्हननं हाय, योगराज?"

"मी का सांगू महाराज..." योगराजनं त्रिशूल धुनीशी टेकवला. "गड उतरताना पायरीपायरीवर महादेवाले म्हनत होतो, हे नारेल नको बदलू देऊ."

सोनिका आईसमोर गुडघ्यांवर बसली. सुखवंताबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही; त्या योगराजला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळत होत्या. पोवार समाजात एका कुरात, म्हणजे एका कुळात, सोयरीक होत नाही.

"कोन्त्या कुराचे तुमी, बाबू?"

"तुरकर."

म्हणजे पटले नव्हेत. सुखवंताबाईंनी मोठा श्वास सोडला. मग लेकीच्या ओंजळीतला नारळ उचलला आणि योगराजच्या हातात ठेवला.

"येत्या इतवारी मायबापाले घेऊन ये."