शेवटच्या भट्टीचं पिंप

कारखान्यात तिला सगळे नाकताई म्हणत, अर्थात माघारी. समोर नुसतं ताई. नाव ठेवणाऱ्यांचा तरी काय दोष, अख्खा कारखाना तिच्या नाकावर चालत होता. तिथे स्कॉचच्या धर्तीची सिंगल माल्ट व्हिस्की व्हायची. कुठलं पिंप फोडून बाटल्या भरायच्या आणि कुठलं आणखी मुरू द्यायचं, हे ती सकाळी अनशापोटी, अंगाला साबणसुद्धा न लावता येऊन सांगायची. चाखायच्या खोलीत एक पांढरं टेबल, एक बेसिन आणि सावलीकडची खिडकी, एवढंच होतं. ग्लासात बोटभर व्हिस्की, त्यात थोडं पाणी, वर काचेची झाकणी. झाकणी सरकवायची, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. गिळलं की जीभ दिवसभरासाठी कामातून गेली. इतक्या वर्षांत तिने थेंबही घशाखाली उतरू दिला नव्हता.

तिचा नवरा तिथेच भट्टीवर होता. ओली बार्ली जाळीवर पसरायची आणि खालून शेकायची, हे त्याचं काम. शेकताना तो थोडं पीट टाकायचा. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली काळी माती, जळते कमी आणि धुमसते जास्त. टाकायचा तेही हात आखडून. "धूर कळला पाहिजे, डोळ्यांत जाता कामा नये," म्हणायचा. एका दुपारी त्याच भट्टीसमोर बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं. त्याने शेकलेल्या शेवटच्या बार्लीचं एकच पिंप भरलं, आणि ते तळघराच्या कोपऱ्यात आडवं पडून राहिलं.

पिंप खरं तर केव्हाच तयार होतं. व्हिस्की कोवळी होती, पण गोडी होती, तरतरी होती आणि शेवटी जिभेवर हलका धूर रेंगाळायचा. मालक दर महिन्याला विचारायचे आणि ती दर महिन्याला "अजून कच्चं आहे" म्हणायची. नाकासमोर चालणारी बाई, पण या एका पिंपापायी बिनदिक्कत खोटं बोलत होती. कारण झाकणी सरकवली की तो यायचा. त्याच्या कॉलरला, केसांना, तळहातांना असायचा तोच धूर. पिंप फोडलं की तो बाटल्यांत भरून परक्यांच्या घरी जाणार. नाही फोडलं, तरी लाकडात मुरता मुरता धूर विरतोच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काय करावं ते तिला कळत नव्हतं. तो हवा होता, एवढंच कळत होतं.

पण हा धूर काही विरेना. उलट थंडीची चाहूल लागली तसा त्यात एक भलताच वास आला, ओल्या रंगाचा. आदल्या आठवड्यात तिने घरचं स्वयंपाकघर रंगवून घेतलं होतं. तोच नाकात बसला असणार, असं म्हणून तिने स्वतःला दटावलं, आणि खात्रीसाठी तो ग्लास इतर पिंपांच्या ग्लासांत मिसळून दुसऱ्या चाखणाऱ्यापुढे ठेवला. हा गृहस्थ नुकताच दुसऱ्या कारखान्यातून आलेला. तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून लोकांनी आल्या आल्या त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि तिच्या घराचा उंबरठाही कधी ओलांडला नव्हता.

"मध आहे, सफरचंद आहे, धूर बेताचा," रेडिओ म्हणाला. "आणि ताई, हसू नका, पण भिंतीचा रंग आहे. ताजा. तळघरात रंगकाम काढलंय का कुणी?"

"नाही," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती निजायच्या खोलीत गेली आणि त्याच्या कोटांचं कपाट उघडलं. तो गेल्यापासून ते बंदच होतं. तिने कोटांच्या खिशांत डांबरगोळ्या टाकल्या, दार पुन्हा लावलं आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या महिन्यात रेडिओने ग्लासात नाक घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

"डांबरगोळ्या! व्हिस्कीत? कोटांचं कपाट उघडून कुणीतरी समोर उभं आहे, असं वाटतंय बघा. पिंपांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

पिंप तेच होतं. नळी घालून नमुना तिने स्वतःच्या हाताने काढला होता. आपल्याला भीती वाटायला हवी, हे तिला समजत होतं, पण घरी जाताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आधी स्वयंपाकघर, आता निजायची खोली. तो घरात होता आणि आत आत येत होता. तिने सगळी दारं सताड उघडली, कपाटाचंही, आणि रिकाम्या खोलीत उभी राहून म्हणाली, "इथवर आलास ना? मग ये की. माझी लाज वाटते होय रे तुला?" आणि मग तिथेच बसून पोटभर रडली.

ऐन थंडीत एका सकाळी मालक स्वतः तळघरात उतरले. तिला आणि रेडिओला त्यांनी पिंपापाशीच बोलावून घेतलं.

"ताई, तुमचं मन मला कळतं," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक आता थांबत नाही. आज तुम्ही पुन्हा कच्चं म्हणालात, तर मी याचं ऐकेन."

रेडिओने आधी वास घेतला आणि तो गप्प झाला. त्याला गप्प बसलेलं मालकांनी कधी पाहिलं नव्हतं.

"काय रे?"

"यात आता घर नाही राहिलं," तो हळूच म्हणाला.

"मग काय आहे?" तिने विचारलं.

"उशी आहे. आणि केस. धुतलेले, नीट न वाळलेले." त्याने ग्लास तिच्या हातात दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "ताई, थुंकून टाका हं. गिळू नका."

आदल्या रात्री न्हाऊन ती ओल्या केसांनीच झोपली होती.

तिने घोट घेतला. मध. बार्ली. कोवळ्या दारूचा चटका. मग धूर, आणि त्या धुरात मानेपाशी टेकलेल्या माणसाची ऊब. मालकांनी थुंकायचं भांडं पुढे केलं.

तिने ते हाताने दूर सारलं आणि घोट गिळला.

रेडिओने घाईघाईने नळी घालून पुन्हा नमुना काढला. हुंगला, चाखला. मग आणखी एक काढला.

"मालक, धूर नाही."

"आत्ता तर होता ना?"

"आता नावालाही नाही. नुसती गोड आहे."

मालक तिच्याकडे वळले. "ताई, तुम्ही तरी बोला काहीतरी."

ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. श्वास सोडला की तो जाईल, एवढंच तिच्या मनात होतं. छातीत कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. थांबता येईल तेवढी ती थांबली.

मग श्वास सुटलाच.

तिच्या ओठांतून निळसर धूर निघाला. तोंडासमोर क्षणभर थबकला, वळला आणि आल्या वाटेने आत गेला.

तिने अजून श्वास घेतला नव्हता.

"फोडा पिंप," ती शांतपणे म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

तळघरात कडाक्याचा गारठा होता. दोघा पुरुषांच्या तोंडांतून पांढरी वाफ निघत होती. तिच्या तोंडातून काहीच बाहेर आलं नाही.