ससुली दाराशी थांबते

बर्फ लोटायची गाडी चालवणाऱ्याचं काम गाव जागं व्हायच्या आत संपतं. जपानातल्या तोकामाची शहराच्या वरच्या अंगाला आमचं गाव. रस्ता मोकळा करून मी घरी यायचो तेव्हा हातमोजे लाकडासारखे कडक झालेले असायचे आणि फुमिका, माझी थोरली, टीव्हीखालच्या मशीनमध्ये कॅसेट घालून वाट बघत बसलेली असायची. बर्फ फार झाला की शाळा उशिरा भरायची. अशी सकाळ म्हणजे तिचा सण.

"बाबा, लवकर! पाय गोधडीत घाल, संत्री सोल, आणि मध्ये बोलायचं नाही हं."

गोधडी टाकलेल्या बैठ्या टेबलाखाली शेगडी असायची. हळूहळू पायांना जीव यायचा. कार्टून एकच. हरवलेल्या मैत्रिणीला शोधत एक ससुली कंदील घेऊन बर्फात दारोदार फिरते. शेवटी एका बंद दाराशी येऊन विचारते, "आत आहे का कुणी?" क्षणभर सगळं गप्प. मग दार उघडतं. त्या क्षणात फुमिका गोधडीतून उसळी मारून ओरडायची, "मी आहे! ये ना आत!" आपण ओरडतो म्हणूनच दार उघडतं, अशी तिची पक्की समजूत.

"एवढा बाप्या माणूस, आणि सशाचं कार्टून बघताना तोंड उघडं ते उघडंच," किनुए, माझी बायको, स्वयंपाकघरातून टोमणा मारायची. खोटं नव्हतं ते. त्या गोधडीत मी जितका सुखी होतो तितका आणखी कुठेच नव्हतो.

फेब्रुवारीत फुमिकाचा ताप छातीत उतरला. दवाखान्याच्या गाडीपुढे मीच रस्ता मोकळा करत गेलो. गाडी कुठे अडली नाही, आम्ही वेळेवर पोचलो. तरी ती गेली. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. निदान कुणावर तरी चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्याआधी मी नेहमीसारख्या खालच्या खिडक्यांना बाहेरून फळ्या बसवल्या. नाहीतर बर्फाच्या भाराने काचा फुटतात. फळ्या लागल्या की खालची खोली वसंतापर्यंत अंधारीच. पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी मी कॅसेट लावली.

"तुम्ही बघा," किनुए म्हणाली. "मला बोलावू नका." आणि तिने मुळा किसायला घेतला.

ससुलीने विचारलं. मी श्वास धरून बसलो. दार उघडायला जरा उशीर झाला.

फीत ताणली गेली असेल, म्हटलं. शेजारच्या शिगेझोकडे नेऊन लावली. तिथे दार वेळेवर उघडलं.

"कॅसेट ठणठणीत आहे रे. तुझंच डोकं तपासून घे," तो हसत म्हणाला. मग आठवलं असावं, कारण त्याने मान खाली घातली आणि माझ्या कपात चहा ओतत राहिला.

घरी मात्र ती शांतता दर खेपेला लांबत गेली. मी मशीन पुसलं, वायर बदलली. काही उपयोग झाला नाही. ससुली विचारायची आणि थांबायची. तिच्या खांद्यांवर बर्फ साचायला लागला. तो पूर्वी नव्हता. एवढ्यांदा बघितलेलं कार्टून, मला नाही तर कुणाला कळणार? मग एका सकाळी तिने दाराकडून मान वळवली आणि आमच्या खोलीच्या दिशेने कान उभे केले.

ती उत्तराची वाट बघत होती.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. मलाही तेच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, तो आवाज ऐकायचा होता.

या सगळ्यात माझी धाकटी, चिहो, जिन्याच्या पायरीवर बसून असायची. ताईचा कापसाचा कोट अंगात, बाह्या लोंबत. "बाबा, मी येऊ?" तिने विचारलं की मी म्हणायचो, "नंतर ये हं, बाळा." गोधडीतली ती जागा मला रिकामीच हवी होती.

नंतरच्या एका सकाळी चिहो न विचारताच आली. गार पाय माझ्या पायांना लावून बसली.

"आत आहे का कुणी?" ससुलीने विचारलं.

शेगडी मंद होती. स्वयंपाकघरात किसणी थांबली होती.

"मी आहे!" चिहो ओरडली. "ये ना आत!"

ससुलीने कंदील वर केला. चिहोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तू नाही," ती म्हणाली.

चिहो माझ्याकडे वळली. "बाबा, मी नको आहे का तिला?"

 इतके दिवस मीही या पोरीला हेच सांगत होतो, नुसतं तोंडाने बोललो नव्हतो. मी तिला कोटासकट छातीशी घेतलं. 

किनुए दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हात पुसत ती पुढे आली आणि टीव्हीसमोर गुडघे टेकून बसली.

"ती नाही गं आता इथे," ती म्हणाली. "गेली ती. थंडीत उभी राहू नकोस. जा तू."

ससुलीने वाकून नमस्कार केला, पाठ फिरवली आणि निघाली. कंदील लहान लहान होत गेला. दार उघडलंच नाही. पडद्यावर नुसता बर्फ पडत राहिला.

संपलं, असं मला वाटलं.

मग बाहेरून आवाज आला. फळ्यांच्या पलीकडून. तिथे छपरापर्यंत बर्फ दाबून बसलेला होता, माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती. लांबून धावत आल्यासारखा, धापा टाकणारा आवाज.

"थांब ना! मी आहे! मी आले!"

किनुएने माझं मनगट गच्च धरलं. 

"मी आहे ना! कुठे गेली ती?"

चिहो माझ्या मांडीवरून उतरली. खिडकीशी गेली, काचेला तोंड लावलं, आणि झोपलेल्याला उठवावं इतक्या हळू म्हणाली,

"ताई, ती गेली गं."