उरलेली तीन चित्रं

सोमवारी रात्री दोनशे चौदा चित्रं होती. मंगळवारी सकाळी तीन उरली.

येंद्रीने पडद्यावर बोट ठेवून पुन्हा मोजलं. एक : मेणकापडावर वाकडा ठेवलेला, लाल चर्चच्या आकाराचा कंदील. दोन : बैलगाडीच्या चाकाचा कंदील, अंधारात अर्धाच दिसणारा, कडेला कुणाचातरी अंगठा. तीन : कौलारू घराचा कंदील, त्याच्यामागे कॉफीचा उष्टा कप. बाकीची दोनशे अकरा गायब.

"संपलं माझं," ओदिलीबाई म्हणाल्या.

येंद्री ग्रेसिया गावच्या साखर कारखान्यातल्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायची. बालवाडीत ती ओदिलीबाईंच्या वर्गात होती, म्हणून आजही ती त्यांना बाईच म्हणे. सकाळी नऊला बाईंचा फोन आला आणि ती तोंड धुऊन तशीच निघाली.

चौदा सप्टेंबरच्या संध्याकाळी अख्ख्या कोस्टा रिकातली शाळकरी मुलं घरी बनवलेले कंदील घेऊन रस्त्यावर येतात. त्याआधी महिनाभर त्यांच्या आया नमुना शोधत असतात. निवृत्त झाल्यापासून बाई कंदिलाचे नमुने काढून विकत. नमुन्याची फाइल घ्यायची, छापायची, कापायची, चिकटवायची. जाहिरातीला पैसा नव्हता. बाई तयार कंदिलांचे फोटो एका चित्रांच्या संकेतस्थळावर लावत. आयांना शोधताना फोटो दिसे, त्यावर बोट दाबलं की बाईंचं दुकान उघडे. फुकटात गिऱ्हाईक. पेन्शन घराच्या हप्त्यात जाई आणि वर्षभराची चूल या मोसमावर चाले.

संकेतस्थळाकडून निरोप आला होता : सारागोसा, स्पेन इथल्या पिलार आस्कोना यांची तक्रार आहे की या रचना त्यांच्या आहेत, म्हणून चित्रं काढली आहेत. सात दिवसांत उत्तर न आल्यास ती कायमची जातील.

"मुख्याध्यापिकेचाही फोन आला, तिला कुणीतरी कळवलंय. शाळेतला माझा कंदिलाचा वर्ग 'तूर्त नको' म्हणाली. तासाभरात गावभर झालं. वाण्याच्या दुकानात मी शिरले आणि बोलणं थांबलं." बाईंनी पदरासारखा एप्रन मुठीत धरला. "दुसऱ्याचं उचलू नये, हे त्या सगळ्यांना मीच शिकवलंय गं."

"बाई, ही तीन का राहिली?"

"त्यांना कोण विचारतंय! आठ वर्षांपूर्वी मीच काढले होते ते फोटो. बघायचीसुद्धा लाज वाटते. कधीच काढून टाकायला हवे होते."

येंद्रीने लाल चर्चवर बोट दाबलं. बाईंचं दुकान उघडायला हवं होतं. उघडलं भलतंच : 'लुसेरो, कागदी कला, सारागोसा'. चाकावर दाबलं, तेच. घरावर दाबलं, तेच.

"चित्रामागचा पत्ता कुणाला बदलता येतो?"

"पासवर्ड असेल त्याला."

"कुणाकुणाकडे आहे?"

"प्रिंटरचं बघतो तो माझा भाचा, ग्रेविन. फोटो काढते ती सिनिया. आणि फ्लोरी चित्रांची नावं लिहिते. तिघं घरचीच. हे त्या स्पेनच्या बाईचंच काम."

"तक्रार बाहेरून करता येते, बाई. पत्ता आतूनच बदलावा लागतो."

बाईंचा कॉफी गाळणारा हात थांबला.

"तीन उरलीत, हे कुणापाशी बोलू नका," येंद्री म्हणाली.

घरी जाऊन तिने 'लुसेरो'च्या दुकानातून लाल चर्चचा नमुना विकत घेतला. रेघ न् रेघ बाईंची. मग तिने पानाचं माप पाहिलं : रुंदी २१.६ सेंटीमीटर, उंची २७.९, इथल्या प्रिंटरचा नेहमीचा कागद. प्रयोगशाळेतल्या युरोपी यंत्राची माहितीपत्रकं २९.७ उंचीची असत आणि इथल्या फाइलीतून कायम डोकं बाहेर काढत. स्पेनमधली बाई आपल्या घरात न मिळणाऱ्या कागदावर नमुने कशाला आखेल?

दुकानात आणखी एक गोष्ट होती. मातृदिनाची भेटकार्डं, जुलैत लावलेली, 'पंधरा ऑगस्टसाठी'. स्पेनमध्ये मातृदिन मे महिन्यात होऊन जातो. पंधरा ऑगस्टला आईला फुलं द्यायची रीत इथली.

शेवटी तिने बाईंच्या खात्यातलं आकड्यांचं पान उघडलं. बाईंनी ते कधीच उघडलं नव्हतं. गेल्या वर्षी दुकानात आलेल्या दर शंभरातले एकाहत्तर जण त्या तीन ओंगळ चित्रांवरून आले होते. सगळ्यांत वर होता वाकडा चर्च.

दुसऱ्या दिवशी ती तिघांकडे गेली. तिघांना तेच दोन प्रश्न.

ग्रेविन बस स्थानकाजवळच्या आपल्या दुरुस्तीच्या टपरीत मोबाइल उघडून बसला होता.

"आत्याला माझा संशय येतोय?"

"मला येतोय."

"वा! बालवाडीत माझा रंगाचा डबा कुणी लांबवला होता?"

"विषय बदलू नकोस. आकड्यांचं पान बघतोस?"

"मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढतो, बाईसाहेब. आकडे बघायला मला कुणी सांगितलंय?"

"चित्रं परत आली तर दहा कमी करायचीत. कुठली काढशील?"

"जुनी. अंगठावालं तर आधी. तो अंगठा माझाच आहे."

सिनियाच्या स्टुडिओत पंधराव्या वाढदिवसाचा गुलाबी घोळदार झगा घातलेली मुलगी पावडर लावून घेत होती. सिनियाने कॅमेरा खाली ठेवला नाही.

"तू स्वतःचं दुकान काढतेयस म्हणे?"

"काढणारच. त्यात चोरी कसली?"

"आकडे बघतेस?"

"बघते की. माझं टुकान पक्ष्याचं चित्र किती जणांनी पाहिलं, एवढंच. बाकीच्यांशी मला काय करायचंय?"

"दहा काढायची झाली तर?"

"बाईंची ती तीन काळी भुतं आधी काढ. त्यांच्या शेजारी माझ्या फोटोंचीही अब्रू जाते. ए पोरी, हनुवटी वर!"

येंद्री बाहेर पडली तेव्हा तिच्या मनात सिनिया घट्ट बसली होती. आकडे बघते, दुकान काढतेय, जीभ तिखट. पण मोजमाप पुरं झालं नव्हतं.

फ्लोरीबाई ओसरीत घेवडा निवडत होत्या. तीस वर्षं ओदिलीबाईंच्या शेजारच्या वर्गात शिकवलेल्या.

"बस गं. ओदिली जेवली का काही?"

"नाही. फ्लोरीबाई, तुम्ही आकड्यांचं पान बघता?"

"मला कसलं समजतंय ते! नावं लिहून द्यायची, एवढंच माझं काम."

"चित्रं परत आली तर दहा काढायचीत. कुठली काढू?"

"टुकानची काढ. ढिगानं झालेत."

"आणि जुनी?"

"जुन्यांना हात लावू नको. जुनं ते सोनं."

"तो वाकडा चर्चसुद्धा?"

"तो तर मुळीच नाही." त्यांनी एक खडा वेचून लांब भिरकावला.

गुरुवारी दुपारी बाईंच्या टेबलाभोवती चौघं बसली. मक्याच्या गोड वड्यांना कुणी हात लावला नाही. येंद्री उभीच राहिली.

"सारागोसात कुणी पिलार नाही. कागदाचं माप अमेरिका खंडातलं आहे आणि मातृदिन फक्त आपला. दुकान इथलंच. तीन चित्रांमागचा पत्ता बदललाय, म्हणजे हात पासवर्ड असलेल्याचा."

"मग तक्रार कशाला करायची? गुपचूप पत्ते बदलून मोकळं व्हायचं!" ग्रेविन म्हणाला.

"गिऱ्हाईक एकदम आटलं असतं तर बाईंनी शोध घेतला असता. तक्रार म्हणजे वरून टाकलेली चादर. दोनशे अकरा चित्रं गेल्यावर गिऱ्हाईक का येत नाही, हे कोण विचारतं?"

"पण नवीन चित्रं लावायची ना स्वतःची," सिनिया म्हणाली.

"नव्या चित्राकडे वर्षभर कुणी फिरकत नाही. या तीन चित्रांना आठ वर्षांत हजारो आयांनी त्या संकेतस्थळावरच्या आपापल्या फळ्यावर डकवून ठेवलंय. चित्राची नक्कल करता येते, त्या आठ वर्षांची नाही. म्हणून तक्रारीतून नेमकी तीच वगळली." तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. ज्याला डोळे आहेत तो म्हणाला, ती तीन काढ. ग्रेविन म्हणाला, सिनिया म्हणाली, खुद्द बाई म्हणाल्या. ती राखा असं एकच माणूस म्हणालं. त्यांची किंमत फक्त आकड्यांच्या पानावर दिसते. आणि त्याच माणसाने मला सांगितलं, ते पान मला समजत नाही."

सिनियाने कप खाली ठेवला. ग्रेविन टेबलक्लॉथकडे बघू लागला.

"जुनं ते सोनं, फ्लोरीबाई," येंद्री हलक्या आवाजात म्हणाली.

"आठवण म्हणून म्हणाले मी!"

"मग आठवणींमागे तुमचं दुकान कसं निघालं?"

मग फ्लोरीबाईंनी मान वर केली, पण येंद्रीकडे पाहिलं नाही.

"ओदिली, तो चर्च आधी कुणी कापला?"

ओदिलीबाईंनी कॉफीची किटली उचलली.

"सांग की. जिऱ्याच्या खोक्यातून, माझ्या वर्गात, माझ्या कात्रीने. छपराला सात घड्या घालायच्या, हे कुणाला सुचलं? आठ वर्षं त्याच्याखाली तुझं नाव. मी आपली नावं लिहिणारी."

"मागायचं होतंस, फ्लोरी."

"तुला दिसायला हवं होतं."

"म्हणून गावात मला चोर ठरवलंस?"

फ्लोरीबाईंनी पर्स उचलली आणि दारात थांबून म्हणाल्या, "तक्रार आज मागे घेते." चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

तक्रार त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली. तीन पत्ते येंद्रीने पूर्ववत केले. रविवारपर्यंत दोनशे अकरापैकी दोनशे सहा चित्रं परत आली. मुख्याध्यापिका स्वतः घरी येऊन कंदिलाच्या वर्गाची तारीख ठरवून गेली. फ्लोरीबाई आल्या नाहीत. ओदिलीबाईही गेल्या नाहीत.

सोमवारी ओदिलीबाईंनी एक नवा चर्च कापला, खिडकीपाशी सरळ ठेवला आणि स्वतः फोटो काढला. चित्राखाली त्यांनी एका बोटाने टंकलं : 'रचना : फ्लोरी आणि ओदिली.'

चौदा सप्टेंबरच्या सकाळी येंद्रीने त्या नव्या चित्राचे आकडे काढले. दिसलं : एक हजार एकशे सेहेचाळीस जणांना. जपून ठेवलं : बावन्न जणांनी. दुकानात आले : नऊ.