भोपळ्यावर टेकलेला हात

पटाशी अंगठ्यात घुसली ती परवा, आणि सतारी घडवणाऱ्या दस्तगीरचाचांनी ते केतकीला सांगितलं आज, तेही सतारीची घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, घासता घासता.

"दुखत न्हाई गं. सूज न्हाई, ताप न्हाई. मग बोंबलायचं कशाला?"

डॉ. केतकी कुपवाडेनं त्यांचा हात धरून उजेडात घेतला. अंगठा काळवंडला होता, जखमेला घाण वास येत होता. एव्हाना अंग फणफणायला हवं होतं.

मिरजेच्या या गल्लीत ती चाचांच्या शेजारीच वाढली. संधिवातानं त्यांची बोटं आखडली, तेव्हा तिनंच हट्टानं आपण शोधलेली नवी जाळी त्यांच्या उजव्या कोपराखालच्या शिरेत बसवली. डाव्या हाताच्या शिरा सलाइनांनी कधीच निकामी झाल्या होत्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जाता जाता जाळीला चिकटत आणि चिकटल्या की अंगावरचे ग्राही गाळून टाकत. ग्राही म्हणजे 'धावा, इथं शत्रू आहे' ही शरीराची हाक ऐकणारे त्यांचे कान. मग पेशी सांध्यांवर उगाच तुटून पडत नसत. सुटल्या की काही वेळानं नवे कान फुटत. हिशेब चोख होता. चाचा कामाला लागले आणि गल्लीनं केतकीला डोक्यावर घेतलं.

तिनं रक्ताचा थेंब पर्समधल्या तपासयंत्रात घातला. पडद्यावर एकाही पेशीला कान नव्हता.

"असं कसं? सुटल्यावर परत यायला हवेत!"

चाचांचं लक्षच नव्हतं. त्यांनी सतार पुढ्यात घेतली, उजवा हात भोपळ्यावर टेकला आणि तार छेडली. दाब नेमका जाळीवर.

केतकी बघतच राहिली. दाबाखाली रक्त रेंगाळणार, झाडून सगळ्या पेशी जाळीला चिकटणार आणि नवे कान फुटायच्या आत पुन्हा चिकटणार. लहानपणापासून तिनं त्यांना असंच बसलेलं पाहिलं होतं, पण चाचण्या सगळ्या मोकळ्या हातांवर घेतल्या. तिला स्वतःचीच चीड आली.

"चाचा, उठा. दवाखान्यात चला. जाळी काढावी लागेल."

"आन् बोटं?"

"आखडतील." तिला वर बघवेना. "नाहीतर जीव जाईल."

चाचांनी सतार भिंतीला टेकवली. "ही तेवढी अर्धी ऱ्हायली बघ," म्हणाले, आणि हात पुढे केला. "काढ. पर पोरी, आणि कुणाकुणाला घातलीस ही?"

केतकीनं रिक्षासाठी फोन काढला आणि तिची नजर ओट्यावर गेली. तिथं चाचांची सून जमीला बसली होती. बाळंतपणानंतर तिचेही सांधे धरले होते, आणि जाळी केतकीनंच घातली होती. तान्ह्या बाळाचं डोकं तिच्या हातावर, नेमकं त्या जाळीवरच विसावलं होतं. बाळाला गाढ झोप लागली होती.

हिला आता कोणत्या तोंडानं सांगायचं, बाळाखालचा हात काढ म्हणून?