एक मिनिट शांतता

आमच्या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग गप्प बसण्याने सुरू होतं. मी हेडफोन लावतो. धाकटा माइकसमोर बसून विचारतो, "दादा, आवाज येतोय ना?" मी अंगठा वर करतो आणि मग आम्ही दोघं भाऊ एक मिनिट हूं की चूं करत नाही. खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवावी लागते. नंतर त्याचं खोकणं, अडखळणं कापलं की तिथे खड्डा पडतो, तो या शांततेने बुजवायचा. गवंडीकामच म्हणा. धाकटा बोलतो, लोक हसतात, मी खड्डे बुजवतो.

खरं तर स्टेजवर आधी मी गेलो होतो. विनोद फसला की शांतपणे पाणी प्यायचं, हे त्याला मीच शिकवलं. मी स्वतः वर्षभर पाणीच प्यायलो. धाकटा पहिल्याच दिवशी आईच्या शिवणयंत्रावर पाच मिनिटं बोलला आणि मागे उभा असलेला वेटर ट्रे खाली ठेवून हसला. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. सात वर्षं झाली, हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे आईची जुनी शिवणाची खोली. भिंतींना फोम, खिडकीला गादी, टेबलाखाली अजून टाचण्या सापडतात. एका मंगळवारी दुपारी एपिसोड जोडताना त्या शांततेच्या मिनिटात मला काहीतरी ऐकू आलं. आवाज वाढवला. हसू होतं. दोन-तीनशे माणसांचं, भिंतीपलीकडून यावं तसं. बाराव्या सेकंदाला थोडं, एकोणिसाव्याला जरा जास्त, एकतिसाव्याला सगळं सभागृह फुटल्यासारखं, आणि त्यात एका बाईची किंकाळी. शेजारचा टीव्ही असेल, असं म्हणून मी सेकंद तेवढे कागदावर टिपले. कामाची सवय, दुसरं काय.

शनिवारी धाकट्याचा शो होता. साउंडवर मीच. शेवटच्या किश्शाला लोक हसले तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक बाई किंचाळली आणि माझा हात बटणावरच राहिला. घरी येऊन ते शांततेचं मिनिट आणि शोमधला शेवटचा किस्सा, दोन्ही रेकॉर्डिंग स्क्रीनवर एकाखाली एक लावली. बारा, एकोणीस, एकतीस. केसाचाही फरक नव्हता. मी केबल तपासल्या, फाइलच्या तारखा तपासल्या. शांतता मंगळवारची होती आणि हसू शनिवारचं.

पुढच्या मंगळवारीही त्या मिनिटात हसू होतं. सगळ्यात मोठं चाळिसाव्या सेकंदाला. मी ते कापलं आणि तिथे स्वच्छ शांतता भरली. बघू तर काय होतं, असं मनाशी म्हणालो. ते खोटं होतं. काय व्हायला हवंय ते मला पक्कं माहीत होतं.

शनिवारी शेवटच्या किश्शात ती जागा आली. धाकट्याने ओळ टाकली. तीनशे माणसांनी माना मागे टाकल्या, तोंडं उघडली, खांदे गदगदले. आवाज आला नाही. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग त्यांनी तोंडं मिटली आणि एकमेकांकडे पाहिलं.

धाकटा पाणी प्यायला. मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. ती लाज गाडीत बसेपर्यंत टिकली.

मग मी एकटाच बसून माझी शांतता रेकॉर्ड केली. तीनदा. पंख्याशिवाय काही नाही. माझ्या वाट्याला एक खुदकन हसणारा माणूसही ठेवलेला नव्हता. म्हणून पुढच्या मंगळवारी धाकट्याच्या मिनिटातलं सगळं हसू उचललं आणि माझ्या मिनिटात चिकटवलं.

रविवारी एका कॅफेत मला पाच मिनिटं मिळाली. मी "नमस्कार" म्हणत होतो, त्या शब्दाच्या मधेच लोक हसले. मी दचकून गप्प झालो, तरी हसले. डोळे कुणाचेच हसत नव्हते. पण हसू खरं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. मी थांबलो नाही.

सात आठवडे थांबलो नाही. धाकट्याच्या शोमध्ये लोक नुसती तोंडं उघडायचे.

गेल्या आठवड्यात जेवताना आईने शेजाऱ्यांची नक्कल केली. धाकटा पोट धरून हसला. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही.

"अरे, मोठ्याने हस की! आजारी आहेस का?" आई म्हणाली.

त्याने गळ्याला हात लावला. "दादा, माझा आवाज बसलाय का रे?" मला ते जेमतेम ऐकू आलं.

"गार पाणी पितोस सारखं," मी म्हणालो.

आज मंगळवार. मी हेडफोन लावला. धाकटा समोर बसला. त्याचे ओठ हलले.

हेडफोनमध्ये काहीच नाही. केबल घट्ट केली. स्क्रीनवरची रेघ सपाट होती.

मी हेडफोन काढला. पंखा ऐकू येत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, तीही.

धाकट्याचे ओठ पुन्हा हलले. या वेळी सावकाश. लहानपणी अंधारात माझा शर्ट धरून चालायचा, तसा चेहरा.

ते शब्द मला ओठांवरून कळतात. सात वर्षं ऐकलेत.

त्याची सगळी मिनिटं माझ्याकडे जपून ठेवलेली होती. परत चिकटवायला पाच मिनिटंही लागली नसती. पण रविवारी मोठं सभागृह आहे, आणि बाहेरच्या फलकावर माझा फोटो आहे.

मी अंगठा वर केला.

त्याला हायसं वाटलं. त्याने मान हलवली, हात मांडीवर ठेवले, आणि आम्ही दोघं एक मिनिट गप्प बसलो.