झिपरीक्षा

"पाण्याच्या टाकीवर चढून चोर पकडते, आणि नाव काय तर परी?" सुट्टीत मावशीकडे आलेल्या चिकूने नाक मुरडलं. "मावशी, तिला झिपरी म्हण ना."

लेखिका मावशीला ते इतकं पटलं, की तिने लगेच छापखान्यात कळवून नायिकेचं नाव बदलायला सांगितलं.

पुस्तक छापायला लागलं त्या दिवशी मावशी भाषणाला गेली होती. म्हणून चिकू आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू दोघंच छापखान्यात आली. यंत्राशेजारी ओल्या शाईचे नमुन्याचे कागद पडले होते. ढब्बूने एक उचलला आणि तो फिसकन हसला.

"ताई, ऐक. 'झिपरीला झिपरीक्षेची धास्ती वाटत होती. ती टझिपरीवर जाऊन बसली.'"

चिकूही हसली, पण लगेच तिने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. "अरे, परी दिसेल तिथे झिपरी घातलंय. परीक्षेतली गेली, टपरीतलीसुद्धा गेली."

आणि नाव तर तिनेच सुचवलं होतं!

दोघं धावत व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. "काका, पुस्तकात चुका आहेत."

"चुका बघायला आमची माणसं आहेत," ते फोनवरचा हात न काढता म्हणाले. "तुम्ही बाहेर खेळा बरं."

बाहेर यंत्र धडधडू लागलं. चिकूने क्षणभर विचार केला आणि चेहरा अगदी गरीब केला.

"काका, मग ही एकच ओळ वाचून दाखवता? आम्हाला जमतच नाहीये."

काका खूश झाले. फोन ठेवून, चष्मा लावून त्यांनी ठसक्यात सुरुवात केली. "झिपरीला झि... झिपरी... क्षेची..."

पुढच्या क्षणी ते दाराकडे धावले. "यंत्र थांबवा!"

संगणकावरच्या माणसाने एका फटक्यात सगळीकडे नाव बदललं होतं आणि पुन्हा वाचलंच नव्हतं. आता सगळे कामाला बसले. चिकू पानं मोठ्याने वाचत होती, ढब्बू चुकांवर खुणा करत होता. 'सर्वतोझिपरी'सुद्धा त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

संध्याकाळी मावशी आली, तेव्हा स्वच्छ छापलेले कागद बाहेर पडत होते. काकांनी स्वतःच सगळं सांगितलं. "तुमच्या भाचरांनी आमची लाज राखली."

मावशीने दोघांना जवळ घेतलं. "शाब्बास! बरं, पुढच्या गोष्टीत एक म्हातारा खलाशी आहे. त्याचं नाव आता तुम्हीच ठेवा."

दोघं एकदम बोलू लागली.

"चांगलं लांबलचक ठेवा," काका हात जोडून म्हणाले. "दुसऱ्या कुठल्याही शब्दात न मावणारं."